वाऱ्यासाठी आखलेला रस्ता

मरीन लाइन्सहून पूर्वेकडे निघालात, की प्रिन्सेस स्ट्रीट लागतो. आजचा शामळदास गांधी मार्ग. भोवतालच्या काळबादेवीतल्या गल्ल्या वाकड्यातिकड्या आणि हा मात्र पट्टीने ओढल्यासारखा. या विसंगतीनेच मला शहराच्या इतिहासाकडे प्रथम ओढले.

मित्रहो, तिचे उत्तर वाहनांत नव्हे, प्लेगात आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग उद्भवला. कोंदट, अंधाऱ्या वस्तीत रोग पोसतो, अशी तेव्हाच्या अधिकाऱ्यांची धारणा होती. (उंदीर आणि पिसवांचा दोष पुढे सिद्ध झाला.) १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दाट वस्ती चिरून समुद्राचा वारा आत आणणारे रस्ते आखले. प्रिन्सेस स्ट्रीट त्यांतला, सँडहर्स्ट रोडही. रहदारीची सोय हा हेतू होताच. पण पहिला मान वाऱ्याचा. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितकी घरे पाडली, त्या मानाने नवी फारच थोडी बांधली. वारा आला खरा, परंतु ज्यांच्यासाठी तो आणायचा, ती माणसे शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने राहू लागली.

रहदारी मात्र ट्रस्टसाठी थांबली नव्हती. ९ मे १८७४ पासून घोड्यांची ट्राम कुलाबा ते पायधुणी धावत होती. १९०७ मध्ये ती विजेवर चालू लागली. १९२६ मध्ये बस आली. तिला रूळ नकोत, वळायला मोकळीक. पुढे मोटारी वाढल्या आणि रस्त्याच्या मधोमध चालणारी ट्राम ‘अडथळा’ ठरली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली.

हा ‘अडथळा’ शब्द मला फार बोलका वाटतो. डबाभर उतारू एकीकडे, त्यांच्यामागे खोळंबलेला एक मोटारमालक दुसरीकडे. कोणी कोणाला अडवले, हे आखणाराच ठरवतो. वाऱ्याची जागा आता वेगाने घेतली होती, एवढाच फरक.

याच काळबादेवी-गिरगावाखालून आज भुयारी मेट्रो जाते. तिच्या स्थानकांसाठीही जुन्या इमारती पाडल्या गेल्या. रहिवाशांना त्याच परिसरात घरे देण्याचे या वेळी आधीच ठरले. स्थानिकांनी आंदोलन करून ते पदरात पाडून घेतले. प्रिन्सेस स्ट्रीटच्या वेळी उठवलेल्यांपैकी किती जण परतले असतील?