सतरा वर्षांचा मुलगा आणि एक सही

मिल्टन कीन्स म्हटले की लोकांना आठवतात ते इथले असंख्य गोल चौक आणि सिमेंटच्या गायी. पण भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना हमखास दोन ठिकाणी नेतो. एक म्हणजे विलन तळ्याकाठचा शांती पगोडा. निप्पोन्झान म्योहोजी या जपानी बौद्ध पंथाच्या भिक्षू-भिक्षुणींनी तो उभारला. १९८० साली तो पूर्ण झाला तेव्हा पाश्चात्त्य जगातला तो पहिलाच होता. दुसरे ठिकाण ब्लेचली पार्क. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश तिथे उकलले जात. १९४५ च्या सुरुवातीला तिथे आणि संलग्न केंद्रांत मिळून जवळजवळ ९,००० माणसे राबत होती आणि त्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. एका जागी युद्धच नको म्हणून प्रार्थना, तर दुसऱ्या जागी बंदूक न उचलता युद्धाला लावलेला हातभार! दोन्हींमधले अंतर गाडीने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचे.

इतकी वर्षे हा योगायोग मी पाहुण्यांना गमतीने सांगत असे. गेल्या वर्षी मात्र तो आमच्या घरातच येऊन बसला. आमच्या चिरंजीवांनी ब्रिटिश सैन्यात वैद्यकीय सहायक म्हणून जायचे ठरवले. वय सतरा. इथे अठराच्या आत सैन्यात जायचे तर पालकांची लेखी संमती लागते. म्हणजे माझी सही!

तसे सैन्य आम्हाला परके नाही. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातले, मराठा पलटणीतून इटलीत लढलेले. त्याच आघाडीवर १९४४ च्या जुलैत रायगडचे यशवंत घाडगे यांनी पराक्रम गाजवून प्राण दिला आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गावात आजोबांना मान होता. पण युद्धाबद्दल ते अवाक्षर काढत नसत. आम्ही मुलांनी हट्ट धरला तर "खूप थंडी होती रे तिथं" एवढेच म्हणायचे.

सौभाग्यवतींचे म्हणणे सरळ होते. "मुलाला रणांगणात धाडायला का आपण इथवर आलो?" मुलाचेही तितकेच सरळ. "आई, मी मारायला नाही, वाचवायला चाललोय."

अशा वेळी आमचे इराणी शेजारी आठवले. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणात बहाईंचा छळ वाढला, तेव्हा हे कुटुंब देश सोडून इंग्लंडला आले. बहाई म्हटले की आपल्याला दिल्लीचे कमळ मंदिर आठवते. सातारकरांना आणखी एक खूण म्हणजे पाचगणीचे न्यू एरा स्कूल. ते १९४५ साली बहाईंनीच सुरू केले. हे लोक शांततेचा पुरस्कार करतात एवढे मला माहीत होते. त्यामुळे काका मुलाला दोन समजुतीचे शब्द सांगतील अशी माझी अटकळ होती.

काकांनी चहा ओतला आणि माझी अटकळ मोडीत काढली. म्हणाले, बहाई युद्धाला सरसकट नाही म्हणत नाहीत. मारण्यापेक्षा मरण पत्करावे, ही व्यक्तीला दिलेली शिकवण झाली. पण सरकारला सुव्यवस्थेसाठी बळ वापरावेच लागते. बहाउल्लांनी एकोणिसाव्या शतकात राजेरजवाड्यांना पत्रे लिहिली, त्यांतले एक व्हिक्टोरिया राणीला होते. त्यातला विचार असा, की शस्त्रे फक्त संरक्षणापुरती ठेवा, पण कोणी दुसऱ्यावर चालून गेला तर सर्वांनी मिळून त्याला रोखा.

मग सक्तीची भरती झाली तर? बहाई माणूस पळून जात नाही किंवा लपत नाही. तो कायद्याने मिळेल तिथे बिनलढाऊ काम मागून घेतो. जखमींची सेवा, स्वयंपाक, कारकुनी, काहीही. जिवाला धोका असला तरी हरकत नाही, मात्र दुसऱ्याचा जीव घ्यायची पाळी नको. आपणहोऊन सैन्यात जायचे असेल तर अट तीच. लढाऊ कामाचे बंधन अंगावर येता कामा नये.

इंग्लंडला ही कल्पना नवीन नाही. १९१६ साली इथे सक्तीची भरती आली, तेव्हाच कायद्यात सदसद्विवेकाला जागा ठेवली गेली. त्याच वर्षी बिनलढाऊ दलही उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६०,००० जणांनी असा आक्षेप नोंदवला. त्यांतल्या काहींनी न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याचे काम पत्करले. त्यांना भित्रे कोण म्हणेल?

मी मुद्दाम खोचक प्रश्न टाकला. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या भालाईत घोडेस्वारांनी तुर्कांकडून जिंकले. दिल्लीतल्या तीन मूर्ती त्याच ब्रिगेडच्या स्मरणार्थ आहेत. तेव्हा बहाउल्लांचे पुत्र अब्दुल बहा तिथेच राहत होते. म्हणजे तुमच्या शांतिदूताला आमच्या भाल्यांनीच सुरक्षित केले ना? काका हसले. "केलंच. आम्ही ते नाकारत नाही. पण त्याच युद्धात अब्दुल बहा धान्य साठवून भुकेल्यांना वाटत होते. १९२० मध्ये ब्रिटिशांनी त्यांना 'सर' केलं ते त्यासाठी. भाला तिथे होता आणि पोळीही होती. कोणाच्या हातात काय असावं, एवढंच ठरवायचं असतं."

तरी माझ्या मनातला किडा गेला नाही. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. ब्लेचलीत संदेश उकलणाऱ्या मुलीने गोळी झाडली नाही, पण तिच्या कागदावरून पाणबुडी बुडाली. आज तर पडद्यासमोर बसून युद्ध चालते. मग बिनलढाऊ म्हणायचे कशाला? काकांनीही इथे छातीठोक उत्तर दिले नाही. मुलाला मात्र म्हणाले, "आधी नीट चौकशी कर. उद्या तुझं काम बदलू शकतात का? शस्त्र द्यायचं तर कशासाठी?"

अटी वाचणे हा तर माझा धंदाच! बापलेक आठवडाभर कागद घेऊन बसलो. जिनिव्हा करारानुसार सैन्यातल्या वैद्यकीय माणसाला स्वतःच्या आणि रुग्णांच्या बचावापुरते शस्त्र बाळगता येते, हे त्यातून कळले. त्यावर चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, रुग्णासाठी मी ते वापरेन." ते ऐकताना मला आजोबांची थंडी आठवली.

मी अजून सही केलेली नाही. नोव्हेंबरात तो अठरा वर्षांचा होईल, मग माझ्या सहीची गरजच उरणार नाही. मी त्याला सांगितले आहे, की तोवर थांब आणि स्वतःच्या सहीने जा. आई रडेल, मी स्टेशनवर येईन. एवढे मोठे काम बापाच्या परवानगीने करू नये, असे मला वाटते. सौभाग्यवतींना हे अजून पटलेले नाही.

मंडळी, आपली मुले याच देशाची नागरिक आहेत. आज ना उद्या हा विषय आणखी कुणाच्या जेवणाच्या टेबलावर येईल. तेव्हा डॉक्टर-इंजिनियरच्या गप्पांत तो टाळू नका. आणि घरात कुणी आजोबा असतील, तर त्यांना आत्ताच विचारून ठेवा. माझे विचारायचे राहून गेले.