थंडीत भरलेला मुळा

निफाडचा पारा उतरला की माझ्या भावाची झोप उडते. तिथे त्याची द्राक्षबाग आहे. मण्यांत पाणी उतरायच्या दिवसांत कडाका पडला तर मणी तडकतात, म्हणून ही मंडळी पहाटेच उठून बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, ठिबक सुरू करतात. विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा कोमट असतं, मुळांना तेवढीच ऊब. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंशांची नोंद झाली, तेव्हाचा त्याचा फोनवरचा आवाज मला अजून आठवतो. आणि त्याच दिवसांत इकडे नाशकात, माझ्या परसातले मुळे झपाट्याने भरत होते. त्याला सांगायची हिंमत झाली नाही.

रात्री बोचरी थंडी आणि दिवसा स्वच्छ ऊन, हे नाशिकचं हवामान मुळ्याला फार मानवतं. उन्हाळ्यातला मुळा नाकात झिणझिण्या आणतो, शिवाय लवकर जून होऊन आतून भुसभुशीत पडतो. थंडीत तोच सावकाश भरतो आणि रसरशीत, गोडसर होतो. मुळा मोहरीच्या कुळातला. चावल्यावर त्याच्या पेशी फुटतात, आतली द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि मग तिखटपणा तयार होतो. तो सालीत जास्त असतो. सासूबाई हे शास्त्र न शिकताच म्हणतात, "साल काढून दे गं, म्हणजे पोरं खातील."

दिवाळी झाली की मी वाफे करते. आमची काळी माती चिकट, वाळली की दगडासारखी; त्यात मुळा सरळ खाली जाऊच शकत नाही. म्हणून वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून वरंबे उंच करायचे. ताजं शेण घातलं तर मुळ्याला फाटे फुटतात. रोप उपटून दुसरीकडे लावलं तरी तेच, म्हणून बी जागेवरच टोकायचं, अर्ध्या पेराएवढं खोल. पुसा संस्थेची हिमानी ही जात थंडीसाठीच आहे. चेतकी उन्हाळ्या-पावसाळ्यात चालते.

विरळणीला जीव कचरतो, पण तिथे माया दाखवली तर नुसता पाला मिळतो. दोन रोपांत चार बोटं अंतर हवंच. उपटलेली कोवळी रोपं मूगडाळ घालून परततात, आणि खरं सांगायचं तर पुढच्या मुळ्यापेक्षा मला ती भाजी जास्त आवडते. आभाळ आलं की पानांच्या मागे मावा बसतो. सकाळी दव असतानाच चुलीची राख भुरभुरली की ती पानाला धरते.

मुळा तयार झाला की स्वतःच खांदा वर काढतो. पांढऱ्या खांद्यावर फिकट हिरवी छटा येते आणि भोवतीच्या मातीला गोल भेग पडते. पाल्याच्या बुडाशी धरून थोडं पिळून ओढलं की तो आवाज करत निघतो. किसताना वाटीभर पाणी सुटतं. आमच्याकडे ते फेकत नाहीत, थालीपिठाच्या पिठात घालतात. किसाला दही, मीठ, हिरवी मिरची, वरून हिंगाची फोडणी.

डिंगऱ्यांसाठी मात्र मी गावठी मुळ्याचं बी वेगळं टाकते. हिमानीला फुलायला याहून कडक, लांबलेली थंडी लागते. तिचं बी कुलूसारख्या डोंगराळ भागात धरतात. आपली थंडी तिला भरायला पुरते, फुलवायला पुरत नाही. गावठी मुळे संक्रांतीनंतर तसेच उभे ठेवले की पांढरी-जांभळी फुलं येतात, मधमाश्या दिवसभर हलत नाहीत, आणि मग शेंगा धरतात. नखाने टचकन तुटतील तेवढ्याच कोवळ्या तोडायच्या, लसणाची फोडणी आणि शेंगदाण्याचा कूट घालायचा. भाकरी बाजरीचीच हवी.