काकूच्या पदरातली ठिणगी

मित्रांनो, हा लेख पुढे वाचण्याआधी एक काम करा. घरातला प्लॅस्टिकचा कंगवा आणा आणि जुन्या वहीच्या कागदाचे ज्वारीच्या दाण्याएवढे कपटे करा. केस मात्र कोरडे हवेत. नुकतंच तेल चोपडलेलं असेल तर ताईचे केस उसने घ्या! दहा-पंधरा वेळा भराभर कंगवा फिरवा आणि कपट्यांजवळ न्या. टुणटुण उड्या मारत ते कंगव्याला चिकटतील.

हे तुम्ही पूर्वीही केलं असेल. पण बहुतेक जण इथेच कंगवा टाकून खेळायला पळतात. तुम्ही मिनिटभर बघत राहा. चिकटलेल्यांपैकी एखादा कपटा एकदम उसळी मारून लांब जाईल. नुसता गळून पडणार नाही हं, कुणी टिचकी मारावी तसा उडेल. ज्या कंगव्यानं जवळ ओढलं, त्यानंच का बरं ढकललं? प्रश्न लक्षात ठेवा, उत्तराकडे येतोच आहे.

ओढण्याची गोष्ट फार जुनी आहे. काही झाडांची राळ लाखो वर्षं जमिनीत राहून दगडासारखी कडक होते, तिला अंबर म्हणतात. अंबर घासलं की ते गवताच्या काड्या ओढून घेतं. म्हणून संस्कृतात त्याचं नाव तृणमणी, आणि फारसीत कहरुबा, म्हणजे काडी पळवणारा. ग्रीक लोक त्याला म्हणत इलेक्ट्रॉन. इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्ट या डॉक्टरनं १६०० साली आपल्या पुस्तकात या ग्रीक नावावरून शब्द बनवला आणि त्यातूनच पुढे इलेक्ट्रिसिटी आली. आपला शब्द जगभर गेला असता, तर आज आपण ‘तृणमणी गेली वाटतं, मेणबत्ती आण’ असं म्हणालो असतो!

पुढची मोठी पायरी चढला स्टीफन ग्रे. पेशानं रंगारी, वय साठीच्या पुढे, खिशात फारसे पैसे नाहीत. मला हा म्हातारा फार आवडतो. घासलेल्या काचेच्या नळीतला हा गुण दोरीतून किती लांब जातो, हे तो १७२९ साली एका मित्राच्या घरी तपासत होता. लांबलचक दोरी रेशमी धाग्यांवर टांगलेली होती आणि दोरीच्या टोकाचा गोळा दूरवर पितळेच्या वर्खाचे तुकडे ओढत होता. एकदा रेशमी धागा तुटला. दोघांनी विचार केला, त्याऐवजी पितळेची बारीक तार लावू. तार मजबूत निघाली, पण गोळा ढिम्म! सगळा गुण तारेतून निसटून गेला. काही पदार्थांतून वीज वाहते, काहींतून वाहत नाही, हे त्या दिवशी लक्षात आलं. पहिल्यांना आपण वाहक म्हणतो, दुसऱ्यांना दुर्वाहक. पुढच्या वर्षी ग्रेनं आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला दोरांवर आडवं टांगलं आणि घासलेली नळी त्याच्या पायांजवळ धरली. वर्खाचे तुकडे उडून मुलाच्या तोंडाकडे येऊ लागले. (त्या मुलाला गुदगुल्या झाल्या असतील का, असं मला नेहमी वाटतं.)

१७३३ मध्ये फ्रान्सच्या द्यु फे यानं दाखवलं की ही वीज दोन तऱ्हांची असते. सारख्या तऱ्हेच्या वस्तू एकमेकींना ढकलतात, निराळ्या तऱ्हेच्या ओढतात. पुढे बेंजामिन फ्रँकलिननं त्यांना धन आणि ऋण अशी नावं दिली. कुणाला धन म्हणायचं हा त्याचा निव्वळ अंदाज होता. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला, तेव्हा या इकडून तिकडे पळणाऱ्या चिमुकल्या कणाच्या वाट्याला नेमकं ऋण चिन्ह आलेलं होतं! तेव्हापासून शाळेतली मुलं त्या चिन्हावरून गोंधळतात, त्यात त्यांचा काही दोष नाही.

आता कंगव्याकडे चला. प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली. अणूच्या मध्यभागी धनप्रभाराचे प्रोटॉन, भोवती ऋणप्रभाराचे इलेक्ट्रॉन, दोघांचा हिशेब अगदी चोख. म्हणून एरवी काही जाणवत नाही. कंगवा केसांवर घासला की केसांतले थोडे इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात. नवी वीज तयार होत नाही बरं का! गोट्या तेवढ्याच, फक्त तुमच्या खिशातल्या काही मित्राच्या खिशात गेल्या. कंगवा झाला ऋण आणि केस झाले धन. केस उभे राहतात ते यामुळेच, धन झालेला प्रत्येक केस शेजाऱ्याला ‘लांब सरक’ म्हणतो. घासताना इलेक्ट्रॉन नेमके कसे आणि का जातात, यावर मात्र शास्त्रज्ञ अजूनही वाद घालत आहेत. इतकी साधी गोष्ट, आणि पुरती उलगडलेली नाही!

पण कागदाला तर कुणी घासलं नाही, मग तो का ओढला जातो? ऋण कंगवा जवळ आला की कागदातले इलेक्ट्रॉन किंचित मागे दबतात. पुढची कड थोडी धन होते, मागची थोडी ऋण. धन कड कंगव्याला जवळची, म्हणून ओढ जिंकते आणि कपटा चिकटतो. चिकटल्यावर कंगव्यावरचे थोडे इलेक्ट्रॉन हळूहळू कागदावर येतात. मग कपटाही ऋण, कंगवाही ऋण. झाली ढकलाढकली!

रत्नागिरीच्या मुलांनी हा प्रयोग जुलैत केला, तर कदाचित काहीच घडणार नाही. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यावरून प्रभार गुपचूप पसार होतो. सूतगिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवतात, त्यामागचं एक कारण हेच. धाग्यांचे तंतू एकमेकांना ढकलून पिंजारत नाहीत.

विदर्भातली डिसेंबरची हवा याच्या बरोबर उलट, खडखडीत कोरडी. अकोल्याला आमच्या घरी १९७८ साली धाकटी काकू लग्न होऊन आली. रात्री नायलॉनची साडी बदलताना चटचट आवाज आला आणि अंधारात पदरातून निळसर ठिणग्या उडाल्या. तिच्या अंगाला हात लावायला गेलेल्या चुलत बहिणीला चटका बसला. झालं! दोन दिवसांत वाड्यात कुजबुज सुरू झाली, ‘पोरीच्या अंगात काहीतरी आहे.’ कुणी लिंबू उतरवून टाकलं, कुणी दंडाला काळा दोरा बांधला. देवघरात जाऊ नकोस, असंही तिला सांगितलं गेलं. मी तेव्हा सातवीत होतो. काकू जेवायलाही नीट बसत नव्हती, हे मला स्पष्ट आठवतं. खरं सांगायचं तर तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसत चालला होता.

आत्या कॉलेजात विज्ञान शिकत होती. ती फार बोलली नाही. एका रात्री तिनं सगळ्यांना माजघरात बोलावलं आणि दिवा घालवला. मग म्हणाली, “आई, तुझं स्वेटर काढ बघू.” आजीनं कॅशमिलॉनचं स्वेटर डोक्यावरून ओढलं मात्र, चट् चट् चट्! सगळ्यांत मोठ्या ठिणग्या आजीच्याच निघाल्या. “अगंबाई, माझ्याही अंगात?” आजी ओरडली. मग बाबांचं स्वेटर, मग माझं. अंधारात पहिल्यांदा हसली ती काकू. दुसऱ्या दिवशी दंडावरचा दोरा आजीनंच सोडवला. देवघरातल्या पूजेची तयारीही त्या दिवशी काकूनं केली.

असा चटका आपल्याला जाणवतो, तेव्हा अंगावर दोन-तीन हजार व्होल्ट असतात. घरच्या विजेचे तर २३०च! मग आपण मरत का नाही? कारण प्रभार अगदी चिमूटभर असतो. उंच गच्चीवरून पाण्याचा एक थेंब डोक्यावर पडला तर काय होणार? उंची मोठी, पाणी थेंबभर. घरच्या विजेचं तसं नाही, तिथे मागे अख्खी नदी वाहते आहे. तिच्याशी खेळायचं नाही म्हणजे नाही.

आकाशातल्या विजेत मात्र उंचीही अफाट आणि पाणीही अफाट. ढगात बर्फाचे बारीक स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात, म्हणजे कंगव्याचा आणि केसांचाच खेळ. स्फटिक धन होऊन वर जातात, गारा ऋण होऊन खाली राहतात. शेवटी हवा फोडून ठिणगी पडते. तिच्यातून सुमारे ३०,००० अँपिअर प्रवाह वाहू शकतो. फ्रँकलिनच्या १७५२च्या पतंगाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. पण तसलाच प्रयोग करताना १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रिखमान हे शास्त्रज्ञ वीज लागून गेले, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून तो प्रयोग पुस्तकातच राहू दे.

आपल्याकडे मृगाच्या आसपास शेतातली माणसं, गुरं राखणारी मुलं पावसापासून वाचायला झाडाखाली धावतात आणि वीज तिथेच पडते. कडकडाट ऐकू आला की झाड सोडा, पक्क्या घरात किंवा छत असलेल्या मोटारीत जा. शेवटच्या कडकडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आणि आईबाबांनाही वाचून दाखवा असं एक सांगतो. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहते, त्याला हात लावू नये, असं गावोगाव मानतात. तसं अजिबात नसतं. सगळा प्रभार सेकंदाच्या आत जमिनीत गेलेला असतो. आपल्याला धोका असतो तो फक्त पुढच्या विजेचा. त्या माणसाला हात लावता येतो, उचलून आडोशाला नेता येतं. त्याचा श्वास बंद असेल तर मोठ्यांनी ताबडतोब छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ नंबर फिरवायचा.