नमुना चंदीगडला, पाणी मात्र इथलंच

मोताळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राची पहिली ओळख झाली ती वासाने. किपच्या उपकरणात फेरस सल्फाइडवर विरल सल्फ्युरिक आम्ल पडलं की सडक्या अंड्यांचा भपकारा थेट व्हरांड्यात जायचा आणि आर्ट्सची मुलं नाकाला रुमाल लावून जिना चढायची. पण सॉल्टमध्ये कॅडमियम आहे की शिसं, हे त्या वायूच्या जिवावरच ठरायचं. एकात पिवळा गाळ, दुसऱ्यात काळा.

प्रयोगशाळेचे खरे मालक होते तिथले परिचर काका. ब्युरेट हातात देण्याआधी ते ती उजेडात धरायचे. आतल्या काचेवरून पाणी एकसंध पडद्यासारखं उतरलं तर ठीक. कुठे थेंब चिकटला तर म्हणायचे, "बाबू, काच तेलकट हाय. पुन्हा धुवा लागते." मग डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाच्या तपकिरी द्रावणात ती भिजत पडायची. चिकटलेल्या थेंबाने टायट्रेशनचं रीडिंग चुकतं, हे मला पुस्तकाआधी त्यांनी शिकवलं.

एकदा कुणीतरी लोणारहून बिसलेरीच्या बाटलीत सरोवराचं पाणी आणलं. आमच्याच जिल्ह्यातलं ते पाणी, त्यामुळे उत्साह दांडगा. पीएच मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफरवर लावून घेतलं. आकडा १० च्या पुढे सरकला. शेवटच्या बफरच्याही पलीकडचं रीडिंग कितपत खरं मानायचं, यावर सरांनी अख्खा तास घेतला. मग फ्लेम फोटोमीटर. त्याला घरचाच गॅस सिलिंडर लागतो, शिवाय हवेचा कॉम्प्रेसर. लोणारचं पाणी कितीतरी पट पातळ करूनही निळी ज्योत क्षणात पिवळीधमक झाली. सोडियमचा तो ५८९ नॅनोमीटरचा रंग. भारनियमनाची वर्षं होती. ऐन रंगात वीज गेली, कॉम्प्रेसर थांबला, ज्योत काजळी धरू लागली आणि काकांनी धावत जाऊन गॅस बंद केला. उरलेलं रीडिंग दुसऱ्या दिवशी.

पुढे एम.एस्सी.ला मलकापूरहून रेल्वेने बडनेरा गाठून अमरावतीला गेलो. तिथे क्वार्ट्झच्या क्युव्हेट हाताळताना बोटं थरथरायची. साधी काच अतिनील किरण अडवते म्हणून हा महागडा हट्ट. प्रोजेक्टला चाल्कोन होतं, विदर्भातल्या सेंद्रिय रसायनवाल्यांचं जुनं लाडकं. त्याचा आयआर काढायचा म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये खलून, प्रेसखाली दाबून काचेसारखी चकती करायची. ऑगस्टमध्ये ती हमखास दुधाळ व्हायची, कारण हे मीठ हवेतली ओल ओढतं. आलेखावर ३४०० च्या आसपास पाण्याचा रुंद खड्डा पडला की आमची नजर चुकवत मार्गदर्शक विचारायचे, "हे तुझं संयुग की अमरावतीचा पाऊस?"

एनएमआरसाठी मात्र नमुना चंदीगडला, पंजाब विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात धाडायचा. चुंबक अतिवाहक ठेवायला उणे २६९ अंशांचं द्रव हेलियम लागतं आणि ते वेळोवेळी भरावं लागतं. असं यंत्र प्रत्येक विभागात नाही, यात मला काही वावगं वाटत नाही. चिमूटभर पावडर छोट्या कुपीत घालून कुरिअर केली. बऱ्याच दिवसांनी आलेख आला आणि त्यात दोन जोडशिखरं होती, प्रत्येक जोडीतल्या शिखरांमधलं अंतर १५-१६ हर्ट्झ. दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंचे हायड्रोजन! चंदीगड न बघता मला माझा रेणू दिसला.

म्हणूनच मोठ्या यंत्रावाचून अडतं, असं मी मानत नाही. नमुना प्रवास करू शकतो. पण चांगला तराजू, स्थिर वीज आणि शुद्ध पाणी कुरिअरने येत नाही. आता मी स्वतः शिकवतो. खरेदीची यादी करायला बसलो की कुणीतरी झाकून ठेवण्याजोगं, फोटोत छान दिसणारं यंत्र सुचवतं, आणि मी डिस्टिल्ड वॉटरच्या प्लँटवर अडून बसतो. त्यातही मेख आहे. लिटरभर शुद्ध पाण्यासाठी कंडेन्सरमधून कितीतरी लिटर थंड पाणी वाहून जातं, आणि मोताळ्याच्या मे महिन्यात ते मोरीत सोडायला मन धजत नाही. सध्या आम्ही ते ड्रममध्ये साठवून भांडी विसळायला वापरतो. एक छोटा पंप बसवला तर तेच पाणी पुन्हा टाकीत चढवता येईल. पण पंप 'वैज्ञानिक उपकरणे' या सदरात बसत नाही म्हणे, म्हणून यंदाही तो यादीतून गळाला.