पाटाच्या वाटेवरून

कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरच्या लेक टाहोच्या पूर्वेकडचा डोंगर पाण्यातून जवळजवळ उभाच वर येतो. त्याच्या अंगावर, तळ्यापासून सुमारे दीड हजार फुटांवर, एक अरुंद वाट आहे. सात-एक किलोमीटर ती चढत नाही, आणि उतरते आहे हेही कळत नाही. डावीकडे कडा तुटलेला, खाली निळं पाणी. उजवीकडे कोपराला घासू पाहणारा ग्रॅनाइट. फ्लूम ट्रेल म्हणतात तिला. अशा आडदांड डोंगरावर इतकी समतल रेघ चालणारा माणूस काढत नाही. ती पाण्यासाठी काढलेली आहे.

१८५९ मध्ये डोंगरापलीकडे नेवाडात कॉमस्टॉक नावाने ओळखली गेलेली चांदीची शीर सापडली आणि उघड्याबोडक्या डोंगरउतारावर व्हर्जिनिया सिटी उभी राहिली. खाणी होत्या, पैसा होता, प्यायला पुरेसं पाणी नव्हतं. १८७३ मध्ये हर्मन शुस्लर या अभियंत्याने लोखंडी नळ एका डोंगरावरून खाली वॉशो खोऱ्यात उतरवला आणि समोरच्या डोंगरावर पुन्हा चढवला. पंप नाही, फक्त उंचीतल्या फरकाचा दाब. पुढे मार्लेट तळ्याचं पाणीही त्यात घ्यायचं ठरलं, तेव्हा या कड्यावरून लाकडी पाट, म्हणजे फ्लूम, काढला आणि डोंगराच्या पोटातून सुमारे चार हजार फुटांचा बोगदा खणून पाणी पलीकडे नेलं. पाट केव्हाच कुजून गेला. त्याच्यासाठी डोंगरात कोरलेली बैठक उरली आणि १९८० च्या दशकात मॅक्स जोन्स या सायकलपटूने तिच्यावरचा झाडोरा हटवून ती सायकलींसाठी मोकळी केली.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या आम्हा मराठी घरांसाठी टाहो म्हणजे हिवाळ्यात मुलांना बर्फ दाखवायची जागा. मला तिथे सायकलवर नेलं ते माझ्या भाच्याने. नुसता फ्लूम ट्रेल करून लोक खाली उतरतात आणि शटलने परत येतात. आम्ही गेलो ते पूर्ण वर्तुळ करायला: स्पूनर तळ्यापासून नॉर्थ कॅन्यनच्या रस्त्याने मार्लेटपर्यंत चढ, मग फ्लूम, तिथून टनेल क्रीकच्या रेताड रस्त्याने वर आणि शेवटी टाहो रिम ट्रेलने डोंगराच्या कण्यावरून परत. साधारण पस्तीस किलोमीटर, बराचसा भाग आठ हजार फुटांच्या आसपास. तिथे छाती भरून घेतलेला श्वाससुद्धा अपुरा वाटतो.

या भागातली जमीन म्हणजे ग्रॅनाइट झिजून झालेली भरड वाळू. चढावर तिचा स्वभाव कळतो. अंग पुढे झुकवलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं; मागे रेललं की पुढचं चाक उचलतं. मधली जागा टाचेएवढी असते आणि ती दर वीस फुटांनी बदलते. सीटच्या अगदी टोकावर बसायचं, छाती हँडलजवळ आणायची, हलका गिअर ठेवून पायडलवरचा दाब अखंड राखायचा. झटका दिला की संपलं, उतरा आणि ढकला. टनेल क्रीकच्या चढावर आम्ही दोघांनीही बऱ्याच ठिकाणी सायकली ढकलल्या. तिथे तेच शहाणपणाचं आहे.

ढकलताना वास येतो. जेफ्री पाइनच्या सालीच्या भेगेत नाक घातलं तर चक्क व्हॅनिला. साल उन्हाने तापलेली असली की वास दाट होतो. ही झाडं भव्य आहेत, पण फार जुनी नाहीत, हे बुंध्याशी थांबल्यावर समजतं. शेजारीच एक खुंट होता, मांडीएवढा उंच, राखाडी, दगडासारखा वाळलेला. त्याच्यावर मी दोन्ही हात पसरले तरी कडा हाताला लागेनात. कोरड्या थंड हवेत खुंट फार सावकाश कुजतात. तो कॉमस्टॉकच्या काळातला असणार. फिलिप डायडेसहायमर या जर्मन अभियंत्याने १८६० मध्ये खाणींसाठी जाड तुळयांच्या चौकटींवर चौकटी रचायची पद्धत काढली. छत कोसळणं कमी झालं, आणि टाहोचं जंगल ओंडका-ओंडका करून जमिनीच्या पोटात गेलं. स्पूनरच्या खिंडीतून इंग्रजी व्ही आकाराच्या पाटांत लाकडं पाण्याबरोबर घसरत कार्सन सिटीकडे जात. हजारो वर्षं उन्हाळ्यात या तळ्याकाठी येणाऱ्या वॉशो लोकांचा मुलूख दोन-तीन दशकांत बोडका झाला. मग उघड्या कुरणांवर मेंढ्या आल्या, आणि नॉर्थ कॅन्यनमधल्या ॲस्पेनच्या पांढऱ्या सालींवर एकट्या बास्क मेंढपाळांनी कोरलेली नावं अजून काळी होऊन फुगलेली दिसतात.

आपण ज्याला अस्पर्श अरण्य समजून फोटो काढतो ते दुसऱ्यांदा उगवलेलं आहे, हे मला आधी वाचून माहीत होतं. पटलं ते मांड्यांना. चढाचा रस्ता रुंद आणि दमवणारा; लाकडाच्या गाड्यांचे रस्ते असेच असत, कारण बैल दमले तरी मालकाला चालत होतं. पाण्याची वाट जवळजवळ सपाट, कारण पाण्यावर जबरदस्ती चालत नाही. अशा दोन्ही वाटा डोंगरातून काहीतरी बाहेर न्यायला काढल्या. म्हणून तिसरी वाट मला इतकी महत्त्वाची वाटते. रिम ट्रेल ही ग्लेन हॅम्पटन या वनखात्यातल्या अधिकाऱ्याची कल्पना. १९८४ मध्ये काम सुरू झालं, २००१ मध्ये तळ्याभोवतीचं अडीचशे किलोमीटरहून मोठं कडं पूर्ण झालं, आणि त्यातलं बरंचसं काम स्वयंसेवकांनी हाताने केलं. इथून काहीच न्यायचं नव्हतं. माणसाने फक्त यावं आणि बघावं, एवढ्यासाठी कुणीतरी सुट्टीच्या दिवशी दगड फोडले.

ही वाट सायकलला सोपी नाही. मुळं, पायऱ्यांसारखे दगड, एकदम मागे वळणारी वळणं. अशाच एका उतरत्या वळणावर मधोमध मोठा धोंडा होता आणि माझी नजर त्याला चिकटली. मागून भाचा ओरडला, "मावशी, दगडाकडे नको बघूस! वाट कुठे निघते तिकडे बघ!" मान वळवली, खांदे वळले, चाकं आपोआप मागे आली. डोळे जातात तिथे सायकल जाते. हे त्याने सकाळपासून चार वेळा सांगितलं होतं. तेव्हा ते वाक्य होतं, आता ते मानेच्या स्नायूंत उतरलं.

मागचं चाक घसटत उतरू नये, हेही त्यानेच शिकवलं. घसटलेल्या चाकाने चर पडतो, चरात पावसाचं पाणी साचतं, आणि दोन हंगामांत तिथे वाटेऐवजी ओहळ होतो. पाटात पाणी धरून ठेवायचं असतं. इथे ते क्षणभरही थांबू द्यायचं नाही. म्हणून रिम ट्रेल दरीच्या बाजूला किंचित कलती बांधली आहे आणि ठरावीक अंतराने तिला उथळ बाक दिला आहे. वेगात त्या बाकांवरून जाताना पोटात गोड खड्डा पडतो. ती गंमत आमच्यासाठी केलेली नाही, वितळत्या बर्फाच्या पाण्याला बाहेर काढून देण्यासाठी केली आहे.

स्नो व्हॅली पीकच्या अंगाला झाडं ठेंगणी, वाऱ्याने पिळलेली होतात. तो व्हाइटबार्क पाइन. त्याचे शंकू आपणहून उघडत नाहीत. क्लार्क्स नटक्रॅकर नावाचा करडा पक्षी बिया काढून जमिनीत पुरतो, आणि त्यातल्या ज्या तो परत नेत नाही त्या रुजतात. बाहेरून आलेल्या बुरशीने हे झाड खंगत चाललं आहे. २०२२ मध्ये अमेरिकेने ते धोक्यातल्या प्रजातींत नोंदवलं. एकदा तोडून पुन्हा उभं राहिलेल्या डोंगराच्या माथ्यावर हे असं काही चाललेलं बघून फार वाईट वाटलं, आणि नुसतं बघून निघून जावंसं वाटेना.

वाटांच्या डागडुजीला अजूनही स्वयंसेवक लागतात. पुढच्या उन्हाळ्यात बर्फ गेलं की अशा एका कामाला आम्ही दोघं जाणार आहोत. भाच्याला कुदळ चालवायची आहे. मला ते उतरतं वळण कसं बांधतात ते शिकायचंय: आतल्या बाजूचा दगड कसा बसवतात, माती कुठून आणतात, आणि पाणी नेमकं कुठे बाहेर काढून देतात.