गडावरची मुदत, टाकळीची वर्षं

परीक्षा आटोपल्या की गंगापूर रोडवर शिबिरांचे फलक झळकू लागतात. पोहणं, चित्रकला, वैदिक गणित, आणि या सगळ्यांच्या वरच्या बाजूला हवेत लाथ मारणारा मुलगा. दहा दिवसांचं निवासी शिबिर. कराटे, लाठीकाठी, स्वसंरक्षण. शेवटी प्रमाणपत्र आणि पट्टा. यंदा अशी दोन-तीन पत्रकं आमच्याही घरात आली. नववीत जाणाऱ्या भाचीला काहीतरी लढायचं शिकायचं होतं. संध्याकाळी क्लासहून ती एकटी परतते याची ताईला धास्ती होती. दोघींनाही फळ लवकर हवं होतं, आणि निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

थोड्या दिवसांत कसून घ्यायच्या शिक्षणाची आपल्या नाशिक जिल्ह्यात तर आख्यायिकाच आहे. निफाडजवळच्या कोठुरे गावचा बाळंभट देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यात होता. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पेशव्यांच्या दरबारी आले आणि त्यांनी कुस्तीचं आव्हान दिलं. भलेभले गप्प बसले. विशीच्या आतबाहेरचा बाळंभट पुढे झाला, पण त्याने तयारीला मुदत मागितली. मग तो वणीच्या सप्तशृंगी गडावर गेला. तिथे देवीची उपासना केली, मारुतीचा दृष्टान्त झाला, खांबावरच्या माकडाच्या उड्यांतून त्याला नव्या पकडी सुचल्या, असं सांगतात. परत येऊन त्याने गुलाबला चीत केलं आणि अली लढायला उतरलाच नाही. आजच्या मल्लखांबाचं श्रेय बाळंभटदादांना देतात ते या कथेच्या आधाराने.

ही कथा सांगितली की शिबिरवाले खूश होतात. मी ती ताईलाही सांगितली. ती म्हणाली, "बघ, म्हणजे होतं ना थोड्या दिवसांत!" कथेतली एक गोष्ट मात्र आपण घाईत ओलांडून जातो. भर दरबारात, नावाजलेल्या मल्लांसमोर उभं राहायची हिंमत मुळात कोणाला होईल? ज्याने आधीच वर्षानुवर्षं तालमीत माती अंगाला लावली आहे, जोर-बैठकांनी मांड्या घोटीव केल्या आहेत, त्यालाच. गडावर बाळंभटाला नवं शरीर मिळालं नाही. होतं त्या शरीराला नवी युक्ती मिळाली.

दुसरी कथा गडाच्या उलट दिशेला, गोदाकाठी घडली. लग्नाच्या मांडवातून निघून गेलेला बारा वर्षांचा नारायण १६२० च्या सुमारास नाशिकला आला आणि नंदिनी-गोदावरीच्या संगमावर टाकळीला राहिला. पहाटे सूर्यनमस्कार, मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जप, दुपारी भिक्षा. रोजचे नमस्कार बाराशे होते असं परंपरा सांगते. आकडा कोणाला मोठा वाटेल, पण हा क्रम बारा वर्षं चालला आणि त्यानंतरच समर्थ रामदास देश पाहायला निघाले. गावोगावी मारुती उभे करणाऱ्या माणसाने स्वतःची शिदोरी आधी टाकळीत बांधली होती.

हे केवळ आपल्याकडचंच नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही जुदोची शाळा काढली. तिथे ऐन थंडीत पहाटे काही दिवस कसून सराव घ्यायची प्रथा आहे. त्याला जाणारे बहुतेक जण वर्षभर त्याच चटईवर आपटत आलेले असतात. कसोटीचे ते दिवस रोजच्या सरावावर चढवलेला कळस असतात. पाया तेवढ्या दिवसांत घातला जात नाही.

शरीराचं शास्त्रही हेच सांगतं. नव्या व्यायामाला स्नायू लवकर जुळवून घेतात, पण स्नायूबंध आणि अस्थिबंध मागे रेंगाळतात. उंची वाढायच्या वयात हाडांची टोकंही कोवळी असतात. कधी धावलेलं नाही अशा मुलीकडून रोज पाच-सहा तास लाथा मारून घेतल्या, की चौथ्या दिवशी गुडघा बोलू लागतो. मग पुढचे दिवस बाम चोळण्यात जातात.

म्हणून पत्रकं बाजूला ठेवून भाची आणि मी तालमी बघत फिरलो. एका मल्लखांबाच्या वर्गात सागवानी खांब एरंडेलाने काळाभोर चकचकीत झाला होता. सात-आठ वर्षांची एक मुलगी साधी अढी घालत होती. पायांची पकड सैल पडली की घसरायची, तळहात चड्डीला पुसायची, पुन्हा चढायची. सरांचा एक हात सतत तिच्या मानेमागे होता, न टेकता, दोन बोटांच्या अंतरावर. जुदोच्या वर्गात तर नव्या मुलांना कोणी पाडायला शिकवतच नव्हतं. हनुवटी छातीला टेकवा, डोकं चटईला लागू देऊ नका, पडताना हाताने चटईवर थाप मारा. सगळा तास नुसता पडण्याचा. भाची कंटाळेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "मावशी, यांना लागतच नाही गं!"

फलकावर छापलं जात नाही ते तिथे दिसलं. एका शिक्षकामागे मुलं किती, आईबापांना वर्ग बघू देतात की दार लावून घेतात, पट्ट्याच्या परीक्षेचे पैसे आधी सांगतात की मागून, आणि दुखलं म्हणून मूल थांबलं तर सर ओरडतात की बसवतात. चांगला वस्ताद पहिल्या महिन्यात फारसं काही शिकवत नाही, नुसतं बघत असतो.

ताईच्या धास्तीचं काय? दहा दिवसांत शिकलेला डाव अंधाऱ्या रस्त्यावर आठवेलच याची खात्री कोणी देऊ नये. शिबिराने मुलीला मोठ्याने ओरडायला, हात झटकून पळायला आणि घरी येऊन सगळं सांगायला शिकवलं, तर ते मोलाचंच आहे, आणि तेवढ्याला दहा दिवस पुरतात. तोल, नजर आणि न घाबरता श्वास घेणं मात्र रोजच्या तासातूनच अंगात मुरतं.

भाचीने जुदो घेतलं आहे. वर्ग घरापासून चालत जाण्याजोगा आहे, फी माफक आहे, भिंतीवर पदकांचे फोटो नाहीत. निवासी शिबिराला तिला मी पाठवणार आहे, पण पुढच्या उन्हाळ्यात. तुमच्याही घरात अशी पत्रकं आली असतील तर उलट्या क्रमाने ठरवा. जूनमध्ये शाळा, गृहपाठ आणि पाऊस हे सगळं सांभाळून मूल रोज जिथे पोचू शकेल ती तालीम आधी शोधा, आणि तिथे वर्षभर टिकलं तर शिबिराचे पैसे खुशाल भरा.