खप आणि गुण

परवा नातू संगणकावर एक खेळ खेळत होता. पांढऱ्या लांडग्याच्या रूपातली देवी, आणि पडद्यावर कुंचला फिरवला की वठलेल्या झाडाला फुलं येतात! मी सवयीने विचारलं, "खूप खपतो का रे हा?"

"आजोबा, आला तेव्हा फारसा नव्हता खपला."

खेळाचं नाव ओकामी. जपानमध्ये २००६ साली आला. समीक्षकांनी वाखाणला, पण विक्री बेताचीच. करणारा क्लोव्हर स्टुडिओ २००७ साली बंद झाला. पुढे तोच खेळ नव्या यंत्रांवर आला, लाखांनी खपला. २०२४ साली तर पुढच्या भागाची घोषणाही झाली.

मग गुण कुठल्या सालचे धरायचे? खेळ तर तोच! खपावर करणाऱ्यांचं पोट असतं, हे खरंच. पण खप सांगतो किती जणांनी घेतला, कसा आहे ते नाही.

मीही मुलांना टक्क्यांवरूनच तोललं. गणितात नापास होणारा एक मुलगा वहीच्या समासात सुरेख चित्रं काढायचा. मी त्यावर लाल रेघ मारली होती. खेळ बघताना ती वही आठवली.

असो. तुम्हाला काय वाटतं?